तीन जिवांचा पट्टा

एल्शा अक्षरं शिकली ती एका थडग्याच्या दगडावर, आणि त्या दगडावर नाव तिचंच होतं.

घरामागच्या नासपतीच्या झाडाखाली तो दगड होता. नदीतून आणलेला, गुळगुळीत, पावाच्या लादीएवढा. बापानं खिळा आणि हातोडी घेऊन त्यावर नाव कोरलं होतं. साल कोरलं नव्हतं. हात दुखला असेल, नाहीतर आकडे येत नसतील. आई ग्रीत दर उन्हाळ्यात पहिली पिकलेली नासपती त्या दगडापाशी ठेवायची, मगच घरातल्यांना खायची मुभा. चार वर्षांची एल्शा तिथं उकिडवी बसून अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवायची. एकदा तिनं विचारलं, मी इथं आहे तर खाली कोण आहे?

"तुझ्याआधीची," आई म्हणाली. "ती गेली, म्हणून नाव तुला मिळालं." आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. हडसन नदीकाठच्या त्या डच वस्तीत घरटी असं एखादं नाव होतं. आजीचं नाव नातीला द्यायचं, ती नात गेली तर पाठच्या मुलीला द्यायचं. नाव मोकळं पडू द्यायचं नाही. ओढ्यापलीकडच्या एका घरात दोन हेंड्रिक पुरले होते आणि तिसरा रोज मक्याच्या घाट्यावर ताक ओतून जेवत होता.

घोळ झाला तो कागदामुळे.

जमीन कुणाची याबद्दल तेव्हा नदीकाठी दोन मतं नव्हती. ओढ्यापासून निळ्या डोंगरापर्यंत सगळी कर्नल व्हॅन आल्स्टरांची. त्यांच्या आजोबांना ती राजाच्या सहीनं मिळालेली. बाकीची सगळी कुळं. कुळानं रान तोडायचं, बुंधे उपटायचे, दगड वेचून बांध घालायचे, घर उभं करायचं, आणि नव्या वर्षाच्या दिवशी खंडाचा गहू आणि चार लठ्ठ कोंबड्या घेऊन मालकांच्या कोठीवर हजर व्हायचं. त्याबदल्यात पट्टा मिळायचा, तीन जिवांचा. पट्ट्यावर तीन माणसांची नावं घालायची. त्यांतलं एकजण जरी जिवंत असलं तरी जमीन कुळाकडे. तिसऱ्यानं डोळे मिटले की जमीन, घर, झाडं आणि शेतात उभं असलेलं पीक, सगळं मालकांचं. कापून झालं असेल तेवढंच कुळाचं.

त्यामुळे पट्टा करायच्या वेळी माणसं आपल्याच पोरांकडे घोड्याच्या बाजारात बघावं तशी बघायची. छाती किती, दात कसे, खोकतो का. एल्शाच्या बापानं, मार्टेन स्लाउटरनं, १७१२ साली तीन नावं सांगितली: स्वतःचं, सहा वर्षांच्या योरिसचं, आणि पाळण्यातल्या तीन महिन्यांच्या एल्शाचं. पाळण्यातलं मूल सगळ्यांत जास्त पुरेल असा त्याचा अंदाज. पुढच्या मार्चमध्ये घटसर्पानं तो पाळणा रिकामा केला आणि डिसेंबरात तो परत भरला. नाव तेच राहिलं.

नव्या वर्षाच्या दिवशी मार्टेन कोंबड्या घेऊन कोठीवर गेला. तेव्हाचा म्हातारा कारभारी यादी वाचायचा. मार्टेन? हजर. योरिस? घरी आहे, दोघांचं खातो. एल्शा?

"पाळण्यात आहे," मार्टेन म्हणाला.

आपण खोटं बोलतोय असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. कागदावर एल्शा होती आणि पाळण्यात एल्शा होती. कागद इंग्रजीत होता, त्याला तो वाचता येत नव्हता. पण नाव जिवंत आहे म्हणजे जीव जिवंत आहे एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. कारभाऱ्यानं खूण केली आणि पुढच्या कुळाला हाक मारली.

अशी ही दुसरी एल्शा जमिनीचा तिसरा जीव झाली, आणि मोठी होता होता तिला कळत गेलं की आपला जीव आपल्या एकटीचा नाही. योरिस झाडावर चढायचा, ती खाली उभी राहायची. पोरं ओढ्यात उड्या मारायची, ती काठावर त्यांचे कपडे सांभाळायची. एकदा योरिसनं तिला गवताच्या गंजीवरून ढकललं तेव्हा बापानं त्याला कमरेच्या पट्ट्यानं फोडून काढला आणि म्हणाला, "साठ एकर ढकलून देतोस?" तिला गोवर आला तेव्हा शेजारच्या तीन घरांतून काढे आले. काढे पिताना तिला वाटायचं, सगळ्यांचा किती जीव आहे आपल्यावर. पुढे ती शहाणी झाली.

लग्नही जमिनीकडे बघूनच ठरलं. मार्टेननं अट घातली की जावई इकडे राहायला येईल. मुलगी दुसऱ्याच्या छपराखाली पाठवायची नाही. बारेंट आला. लांब हातांचा, कमी बोलणारा सुतार. लोकांनी त्याला घरजावई म्हणून चिडवलं, तेव्हा तो म्हणाला की मी बायको केली, हुंड्यात कुंपण मिळालं. एल्शा त्यावर हसली होती. दोघांचं बरं जमलं.

पहिल्या बाळंतपणात अडलं. त्राइन मावशी, जी वस्तीतल्या अर्ध्या माणसांची सुईण होती, बाहेर येऊन म्हणाली की दोघांतलं एकच वाचेलसं दिसतंय. मार्टेन आणि बारेंट एकदमच म्हणाले, "तिला वाचवा." त्राइन मावशी पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगायची, काय माया होती बाई त्या घरात. भिंतीपलीकडे कळा सोसणाऱ्या एल्शानं बापाचा आवाज ओळखला होता आणि नवऱ्याचाही. बारेंटच्या आवाजात काय होतं, जमीन की ती, हे तिनं त्याला कधी विचारलं नाही. काही प्रश्न विचारायचे नसतात. उत्तर आलं तर त्याच्यासोबत राहावं लागतं. मूल शेवटी वाचलं. त्याचं नाव कूर्त. मग हारमेन झाला.

मार्टेन वारला, पाठोपाठ ग्रीत वारली. योरिसनं लग्न केलं नाही. तो आणि बारेंट मिळून शेत करायचे. वरचं माळरान त्यांनी गव्हाखाली आणलं, ओढ्याजवळचा झरा बांधून काढला. १७५१ च्या शरदात योरिस ओक तोडत होता. झाड जिकडे पडायला हवं तिकडे पडलं नाही.

प्रेत घरात ठेवलं होतं, तेव्हा एल्शा भावासाठी रडत होती आणि खोलीतली माणसं तिच्याकडे बघत होती. पाहुणचाराची केशरी बिस्किटं हातात घेऊन शेजारी एकमेकांशी हळू बोलत होते. तिला शब्द ऐकू आले नाहीत. ऐकायची गरजही नव्हती. तिघांतली आता ती एकटी उरली होती.

त्याच वर्षी कोठीवर नवा कारभारी आला. टॉलमन त्याचं नाव. न्यूयॉर्कहून आलेला, सडपातळ, बाह्यांना नेहमी स्वच्छ कफ लावणारा. माणूस वाईट होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. तो दारू पीत नसे, कुणावर ओरडत नसे, कुळांच्या मुलांना नावानं ओळखत असे. त्याला फक्त कागद आवडत. आणि कर्नलसाहेबांच्या पुतण्याला पाणचक्की घालायची होती. त्यासाठी एक बांधलेला झरा आणि जवळ ओढा हवा होता. टॉलमननं पट्टे काढले. मग तो घोड्यावर बसून नदीकाठच्या चर्चमध्ये गेला आणि बाप्तिस्म्याची वही मागून घेतली. दुपारभर तो ती वाचत बसला. त्याच्याआधी एकाही कारभाऱ्याला हे सुचलं नव्हतं.

वहीत होतं: जून १७१२, एल्शा, आईबाप मार्टेन आणि ग्रीत. डिसेंबर १७१३, एल्शा, आईबाप तेच. मृत्यूची नोंद कुठलीच नव्हती, कारण शेतात पुरलेल्या तान्ह्या पोरांची नोंद कुणी ठेवत नसे.

टॉलमन स्लाउटरांच्या घरी आला, टोपी काढून बसला, ताक प्यायला. मग अगदी शांतपणे त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही यांतल्या कुठल्या?"

एल्शानं बारेंटकडे पाहिलं. बारेंट म्हणाला की याचं उत्तर आम्ही कोठीवर देऊ.

पट्टा १७१२ च्या सप्टेंबरातला होता. त्यावर जिचं नाव होतं ती जूनमध्ये जन्मलेली. ती जर नासपतीखाली असेल तर योरिसच्या शेवटच्या श्वासाबरोबर पट्टा संपला होता, आणि स्लाउटरांचं घर दोन महिने मालकांच्या घरात फुकट राहत होतं.

घरात बरीच चर्चा झाली. बारेंटनं तिला समजावलं की वहीत दोन जन्म आहेत आणि मरण एकही नाही. एक पोर गेलं हे सगळे जाणतात; कुठलं गेलं हे कागद जाणत नाही. दगडावरही साल नाही. चाळिशीच्या बाईत दीड वर्षाचा फरक कुणाला दिसणार? तिनं फक्त एवढंच म्हणायचं की गेली ती दुसरी.

"म्हणजे मी गेले," एल्शा म्हणाली.

"बोलण्यापुरतं."

"बायबलवर हात ठेवून बोलण्यापुरतं?"

 बारेंट देवाधर्माचा माणूस होता आणि आपण काय मागतोय हे त्याला कळत होतं. कूर्त सोळा वर्षांचा होता, हारमेन चौदाचा. दोघं मान खाली घालून पावाचे तुकडे करत राहिले. एल्शानं त्यांच्या हातांकडे पाहिलं. दगड वेचून वेचून दोघांच्याही नखांचा रंग गेला होता.

सुनावणी कोठीच्या दिवाणखान्यात झाली. न्यायाधीश म्हणून कर्नलसाहेबच बसले, कारण त्या मुलखात न्यायाधीशही तेच होते. मखमली खुर्ची, खिडकीतून येणारा उजेड नेमका साक्षीदाराच्या तोंडावर पडेल अशी मांडणी, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी. मांडणी करणाऱ्याला रंगभूमीची जाण होती म्हणायची. कुळं मागे दाटीनं उभी. त्यांतल्या प्रत्येकाला मार्टेनच्या घरचा १७१३ चा तो मार्च आठवत होता, नाहीतर ऐकून माहीत होता. पण प्रत्येकाच्या पट्ट्यावर कुठे ना कुठे एखादा दुसरा हेंड्रिक, दुसरी मारिया लपलेली होती. कुणी तोंड उघडणार नव्हतं.

आधी त्राइन मावशीला बोलावलं. ऐंशीच्या पुढची, एका कानानं ठार बहिरी. टॉलमननं विचारलं की स्लाउटरांच्या दोन्ही मुलींच्या जन्माला तुम्ही होता का.

"तुमच्याही असते, बोलावलं असतं तर," ती म्हणाली. मागे हशा पिकला. कर्नलसाहेबही मिशीत हसले.

"मग गेली ती कुठली?"

"एल्शा."

"दोघीही एल्शाच, मावशी. पहिली की दुसरी?"

म्हातारीनं बहिरा कान पुढे केला. टॉलमननं तीनदा विचारलं आणि तीनदा तिनं त्याला आपल्या सांधेदुखीची हकिगत सांगितली. शेवटी त्यानं तिला बसवलं. बसताना तिनं एल्शाचा हात दाबला, आणि एल्शाला कळलं की म्हातारीला एकूण एक शब्द ऐकू येत होता.

मग एल्शा उभी राहिली. बायबल जाडजूड होतं, त्याचं कातडं गार होतं. उजेड डोळ्यांवर येत होता. कर्नलसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "एल्शा, मी तुला लहानपणापासून बघतोय. खरं काय ते सांग. कुणी तुला खाणार नाही."

तिच्या मनात आलं की सांगून टाकावं. त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती. पण त्या मायेच्या मागे पुतण्याची चक्की होती, हेही तिला दिसत होतं.  

"माझी पाठची बहीण एल्शा आठ महिन्यांची होऊन गेली," ती म्हणाली. "मी पहिली. जूनमधली."

टॉलमननं पुन्हा एकदा विचारलं, तिनं तेच पुन्हा सांगितलं. उलट साक्ष द्यायला कुणी पुढे आलं नाही. त्या दिवसांत पूर्वेकडच्या सरहद्दीवर कुळं खंड द्यायला नकार देऊ लागली होती. एका बाईच्या शपथेवरून आपल्याकडे ठिणगी पडावी असं कर्नलसाहेबांना वाटत नव्हतं. त्यांनी पट्टा चालू असल्याचा निकाल दिला. बाहेर आल्यावर लोकांनी बारेंटची पाठ थोपटली. एल्शाजवळ कुणी आलं नाही.

पंधरा दिवसांनी गाइसबर्ट आला. हा शेजारी, ओढ्यापलीकडच्या तीन हेंड्रिकांचा बाप, आणि चर्चच्या वडीलमंडळींपैकी एक. कोठीवर तो मागच्या रांगेत तोंड मिटून उभा होता. तो दारातच थांबला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"येत्या रविवारी प्रभुभोजन आहे," तो म्हणाला. "तू मेजापाशी येऊ नकोस, एल्शा."

"कोण म्हणतं?"

"आम्ही सगळे म्हणतो. कारण वाचून दाखवणार नाही. पण येऊ नकोस. पहिलीला पुरलं तेव्हाची बिस्किटं मी खाल्लीत गं. मालकासमोर गप्प बसलो, त्याचं मी माझं बघून घेईन. पण देवाच्या मेजावर कसा गप्प बसू?"

बारेंट त्याच्या अंगावर धावून गेला असता. एल्शानं त्याला अडवलं. तिनं गाइसबर्टला विचारलं की परत कधी येता येईल. तो म्हणाला, चुकीची कबुली दिलीस की लगेच. पण कबुली वेदीवरून वाचली जाते, पापाच्या नावासकट. तोच नियम आहे.

आणि ती वाचली गेली की टॉलमन घोड्यावर बसणार हे दोघांनाही माहीत होतं.

तेव्हापासून चौदा वर्षं, वर्षातून चार वेळा, सगळी मंडळी उठून भाकर आणि द्राक्षारस घ्यायला मेजापाशी जायची आणि एल्शा स्लाउटर बाकावर बसून राहायची. शेजारी बाकाची उरलेली लांबी रिकामी. टॉलमनला हे कुणीतरी सांगितलं. तो स्वतः एकदा येऊन मागे बसला आणि त्यानं ते पाहिलं. त्याला सगळं समजलं. पण बाकावर बसून राहणं हा पुरावा होत नाही. तो निघून गेला आणि वाट बघत राहिला.

घरी तिला आता आधीपेक्षा जास्त जपत. मुलं तिला पाण्याची बादली उचलू देत नसत, निसरड्या वाटेवर हात धरत. सुनाही चांगल्या आल्या. पाहुण्यांनी वय विचारलं की ती शपथेतलं सांगायची. दर उन्हाळ्यात आईसारखीच पहिली नासपती दगडापाशी ठेवायची. लोक समजायचे की ती मेलेल्या बहिणीसाठी ठेवते. एकदा धाकट्या सुनेनं विचारलं, रडताय का आई? एल्शा म्हणाली, "नाही गं. माझ्याच मातीला आलेय." सून घाबरून घरात निघून गेली आणि त्यानंतर तिनं तिकडचा विषय काढला नाही.

१७६६ च्या हिवाळ्यात तिला खोकल्यातून रक्त पडायला लागलं. त्याच वर्षी नदीच्या खालच्या अंगाला कुळं उठली. शेकडोंनी जमून त्यांनी तुरुंग फोडले, घरातून काढलेल्यांना परत घरात बसवलं. मग राजाची पलटण गलबतांतून आली आणि तिनं ती घरं पाडली. वणवा यावा तसं ते सगळं नदीकाठानं वर सरकत इकडे येत होतं. कर्नलसाहेब आता म्हातारे झाले होते आणि त्यांना कुठल्याच ठिणगीची भीती उरली नव्हती. पलटण दोन कोसांवर उतरली होती.

जूनअखेर एल्शा उठेनाशी झाली. टॉलमननं फाटकाशी एक शिपाई बसवला. याकोब नावाचा, इथल्याच एका कुळाचा मुलगा, कोठीच्या नोकरीला लागलेला. त्याचं काम एकच: बाई गेली की वेळ लिहायची आणि घोडा पिटाळायचा. गहू त्या वेळी शेतात उभा होता. खालचं शेत पिवळं पडलं होतं, वरच्या माळाला अजून आठवडा हवा होता.

"कशी आहे आई?" याकोब रोज सकाळी विचारायचा.

"तुझ्यापेक्षा बरी," कूर्त म्हणायचा. "तिला निदान सावलीत पडता येतं."

चर्चमध्ये नवे पाद्रीबाबा आले होते, हॉलंडहून, जेमतेम तिशीचे. ते दर दोन दिवसांनी यायचे. त्यांनी एल्शाला सांगितलं की मला सगळं समजलंय, कबुली द्या, मेजावर परत या, असं बाहेर राहून जाऊ नका. तिनं विचारलं की वेदीवरून कधी वाचाल? ते म्हणाले, येत्या रविवारी. तो नियम मला मोडता येत नाही.

"आणि रविवारी मी जिवंत असले तर?"

पाद्रीबाबांना आधी कळलं नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं. मेल्यावर वाचलेली कबुली कुणाचं काही बिघडवणार नव्हती, असा तिचा हिशोब होता. पण ती जिवंत असताना वाचली तर तिच्याच तोंडानं पट्टा त्याच दिवशी संपणार होता, गव्हासकट.

"म्हणून मला नेमका दिवस साधायचाय, बाबा," ती म्हणाली. "फार आधी नको. फार उशीर नको." ती हसली आणि हसण्यानं पुन्हा रक्त आलं. "आयुष्यभर सगळ्यांनी मला जगायला लावलं. मरायचं कसं ते कुणी शिकवलं नाही."

ते म्हणाले, शुक्रवारी येतो. ती म्हणाली, शुक्रवारी बघू. मग तिनं मुलांना बोलावून सांगितलं की माळाची वाट बघू नका, हिरवट असलं तरी कापा.

बुधवारी त्यांनी खालचं शेत आडवं केलं. शुक्रवारी पहाटे माळाला हात घातला. दोघंच होते, एवढं रान दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. सकाळी नवाच्या सुमाराला एल्शानं पाणी मागितलं. बारेंट पेला घेऊन वळला तेव्हा ती गेलेली होती.

 त्यानं पेला खाली ठेवला, तिचे डोळे मिटले, केस नीट केले आणि रस्त्याकडची खिडकी उघडली. फाटकाशी याकोब बसलेला दिसत होता. बारेंट खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि बोलायला लागला. आयुष्यभर मोजके शब्द वापरणारा तो माणूस मोठ्यानं, सहजपणे, बाहेर ऐकू जाईल असं बोलायला लागला. ताक आंबट झालंय म्हणतेस? मग ठेव. काल हारमेनची धाकटी पडली बघ पायरीवरून, गुडघा फोडून घेतला. काय? नाही, फार लागलं नाही. मध्ये मध्ये तो थांबायचा, तिच्या उत्तराला लागेल तेवढाच वेळ, आणि मग हुंकार द्यायचा.

दहाला पाद्रीबाबा आले. दारातून त्यांनी अंथरुणाकडे पाहिलं, बारेंटकडे पाहिलं, उघड्या खिडकीकडे पाहिलं. माळावरून कोयत्यांचा आवाज येत होता. बारेंट बोलायचा थांबला नाही. त्यानं फक्त त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत विनंतीही नव्हती.

पाद्रीबाबा खुर्चीवर बसले. त्यांनी स्तोत्रांचं पुस्तक उघडलं आणि आजाऱ्यापाशी वाचतात ते स्तोत्र वाचायला सुरुवात केली. मेलेल्यासाठीचं वेगळं असतं. त्यांचा आवाज पहिल्या ओळीला अडखळला आणि मग लागला. बारेंट दमला की ते वाचायचे, ते दमले की बारेंट बोलायचा.

बातमी कशी पसरली कोण जाणे. धाकटी सून ओढ्यावर गेली होती एवढं खरं. अकराच्या सुमाराला माणसं कोयते घेऊन माळावर चढताना दिसली. पाच, मग बारा, मग वीसेक. सगळी कुळं, सगळ्यांचं स्वतःचं पीक उभं असताना आलेली. गाइसबर्टही आला. सत्तरीचा, कोयता चालवणं त्याच्यानं होत नव्हतं. तो मागून वाकून पेंढ्या बांधत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. याकोबनं एकदा फाटकातून हाक मारून विचारलं की आज एवढी घाई कशाची? वरून कुणीतरी म्हणालं, पाऊस येणार आहे. आकाशात एक ढग नव्हता.

दुपार झाली. ऊन डोक्यावर आलं. आणि याकोबनं आपली टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यानं ती परत घातली नाही. घामानं त्याचे केस कपाळाला चिकटले, डोळ्यांवर ऊन येत होतं, तरी तो उघड्या डोक्यानं खिडकीतला तो बोलणारा आवाज ऐकत बसून राहिला. घोडा गवत खात होता.

चारला माळावरची शेवटची पेंढी बांधली. कूर्तनं हात वर केला. बारेंट उठला, पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेला. त्याचा घसा बसला होता.

"आत्ता गेली," तो म्हणाला.

याकोबनं माळाकडे पाहिलं. वर नुसती खुंटं होती. त्यानं खिशातून कागद काढला आणि हळूहळू, एकेक अक्षर, दुपारचे चार असं लिहिलं. मग तो बारेंटला म्हणाला, "घोड्याचा नाल सैल झालाय काका. मला कोठीवर पोचायला संध्याकाळ होईल." आणि घोड्याचा लगाम हातात धरून पायी चालत निघाला.

आत पाद्रीबाबांनी बरोबर आणलेली वही उघडली होती. मृत्यूच्या नोंदीत बाप्तिस्म्याची तारीख लिहावी लागते. त्यांच्यापुढे जुनी वहीही होती, तिच्यात दोन्ही नोंदी होत्या. दौतीत टाक बुडवून ते बारेंटची वाट बघत बसले होते.

"बारेंट, आता तिला काही धोका नाही," ते म्हणाले. "रविवारी वाचतो. तिला मेजावर परत घेतो. फक्त तुम्ही सांगा, कुठली लिहू?"

बारेंटनं अंथरुणाकडे पाहिलं. बाहेर मुलं गाड्या भरत होती. अंधार व्हायच्या आत गहू ओढ्यापलीकडे न्यायचा होता, गाइसबर्टच्या कोठारात. एल्शाच्या हिशोबात एक गोष्ट सुटली होती: दुसरी म्हटलं की गेल्या चौदा वर्षांचं एकूण एक पीक चोरीचं ठरणार होतं, आणि टॉलमन ते मुलांकडून वसूल करून घेणार होता. 

"तिनं काही सांगितलं होतं का तुम्हाला?" त्यानं शेवटी विचारलं.

"शुक्रवारी बघू म्हणाली होती."

"मग तिनं सांगितलं नाही," बारेंट म्हणाला. "तिनं जे शपथेवर सांगितलं तेच लिहा. जून."

पाद्रीबाबांनी जून लिहिला. रविवारी वेदीवरून वाचायला आता काही उरलं नव्हतं. मग बारेंट गाडीला खांदा द्यायला बाहेर गेला, कारण पहिली गाडी चढावर अडली होती.